नडगीच्या दुखण्यात घेतलेली मॅग्नेटिक सायकल: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरात जागेवरच चालवायच्या या सायकलचं डावं पेडल क्रँकमध्ये (पेडल ज्यात बसतं त्या दांड्यात) लटपटायला लागलं आणि सर्व्हिसवाल्यांशी चांगलंच वाजलं, म्हणून हे लिहितेय. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे जोडणाऱ्याला तरी माहीत हवं. आमच्याकडे आलेल्या माणसाने ते तिरकं घुसवून जोर लावून पिळलं होतं. पेडल काढलं तेव्हा क्रँकच्या भोकातून धातूचा कीस पडला. यावर उत्तर काय, तर 'ही नेहमीची झीज आहे, वॉरंटीत बसत नाही'. झीज असती तर उजव्या बाजूलाही दिसली असती! फोटो पाठवून पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे क्रँक फुकट बदलून मिळाला.

आता सायकलबद्दल. शिन स्प्लिंट्समुळे धावणं बंद झालं होतं. नडगीची आतली कड, घोट्याच्या वर, वीतभर दुखायची. एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल किंवा रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला बारीक तडा गेल्याची, शंका असते. तेव्हा सायकलचा विचार नंतर, आधी डॉक्टर. माझं तसं नव्हतं. धावताना दर पावलाला वजनाच्या २ ते ३ पट भार पायावर येतो, सायकलवर पाऊल आपटतच नाही. दम टिकवायला हा मार्ग सरळ वाटला.

पण सीट! रेझिस्टन्स (चुंबकामुळे पेडलला होणारा विरोध) गुळगुळीत, आवाज जवळजवळ नाही, आणि सीटच्या दांड्याला भोकं मात्र इतकी लांब लांब की माझी उंची नेमकी दोन भोकांच्या मध्ये येते. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. खालच्या भोकात पिन घातली की गुडघ्याच्या वाटीपुढे दुखतं. वरच्या भोकात घातली की पेडल गाठायला चवडा खाली ताणावा लागतो, पोटरी ओढते आणि ज्या नडगीसाठी हा खटाटोप तीच कुरकुरते. शेवटी जाड सोलचे बूट घालून वरचं भोक वापरायला लागले, तेव्हा जमलं. शिवाय पेडल चवड्याखाली न ठेवता तळव्याच्या मध्याकडे घेतलं की पोटरीचं काम कमी होतं. पेडलचा पट्टा पाऊल तेवढं पुढे सरकू देत नाही, म्हणून तो काढून टाकला. एवढं मोठं यंत्र बनवताना दांड्याला चार भोकं जास्त पाडायला काय जात होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

सुरुवातीला मी ही सायकल परत करायच्या विचारात होते, एका लयीत पाय फिरवून फार कंटाळा यायचा. मग १ मिनिट जोरात, २ मिनिटं सावकाश असं सुरू केलं आणि मत बदललं. जोराच्या मिनिटात पूर्ण वाक्य बोलता येत नाही, एवढी धाप लागते. हार्ट रेट मात्र धावताना जायचा तेवढा वर जात नाही, त्यासाठी जिवाचा आटापिटा करू नका. स्क्रीनवरच्या कॅलरींकडे तर बघूच नका. हे यंत्र वजनसुद्धा विचारत नाही, मग हिशेब कसला करतं?

पुढे फिजिओने एक गोष्ट बजावली आणि मत पुन्हा थोडं बदललं. सायकलने दम राहतो, हाडाला मात्र काहीच मिळत नाही. हाड मजबूत होतं ते भार पडल्याने. म्हणून टाचा उचलण्याचा व्यायाम हवाच, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही, कारण वाकवल्यावर पोटरीच्या खोलच्या स्नायूला काम मिळतं. अर्धा तास भरभर चालून नडगी गप्प राहिली, मगच १ मिनिट धावणं, १ मिनिट चालणं, तेही एक दिवस आड. आधी अंतर वाढवायचं, वेग नंतर. मधल्या दिवशी सायकल. दम शाबूत असल्यामुळे आणखी पळावंसं वाटतं, तिथेच थांबायचं.

पोहण्याचा तलाव हाताशी असेल तर खर्च करण्याआधी छातीभर पाण्यात चालून-पळून बघा. तिथे नुसतं उभं राहिल्यावर पायावर वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढाच भार येतो, पळतानाही जमिनीपेक्षा बराच कमी, आणि हालचाल धावण्याच्या जास्त जवळची असते. माझ्या वेळा तलावाशी जुळत नव्हत्या, म्हणून सायकलचे पैसे वसूल झाले असं म्हणते.

हेच मॉडेल पुन्हा घेणार नाही. सीट हव्या त्या उंचीवर आवळता येईल असा क्लॅम्पवाला दांडा असेल तरच घ्या, आणि पैसे देण्याआधी रोजचे बूट घालून वर बसा, पेडल खाली नेऊन गुडघा बघा.