डबल मार्कर की एनआयपीटी?
वहिनीला गरोदरपणाचा अकरावा आठवडा लागला आणि दादरच्या घरात हाच वाद, बाळाला डाउन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याचा धोका बघायला यातली कुठली रक्ततपासणी करायची. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं. डबल मार्कर स्वस्त, ११ ते १३ आठवड्यांत एनटी स्कॅनसोबत (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) होते, पण कधीकधी उगाच 'हाय रिस्क' येतं न् झोप उडते. एनआयपीटी दहाव्या आठवड्यापासून, आईच्याच रक्तातून, डाउन सिंड्रोम जवळपास ९९ टक्के पकडते, फक्त खिसा बराच हलका होतो. दोन्ही स्क्रीनिंगच हां, म्हणजे फक्त धोका किती ते सांगतात; पॉझिटिव्ह आली तर अ‍ॅम्निओ (सुईने गर्भजल काढून तपासणं) किंवा सीव्हीएस (वारेचा नमुना तपासणं) करूनच पक्कं कळतं. एनटी स्कॅन मात्र दोन्हीत सोडू नका. मुलगा-मुलगी विचारूच नका, कायद्याने बंदी आहे. पैसे असतील तर मी एनआयपीटीच म्हणेन.