टेन्शिओमीटर: हलक्या जमिनीत पाचपैकी चार, खाऱ्या पाण्यावर दोन

फळझाडांच्या ठिबकाशेजारी टेन्शिओमीटरची, म्हणजे मातीने पाणी किती जोराने धरलंय ते मोजणाऱ्या यंत्रांची, जोडी रोवली आहे. एक ३० सेंटीमीटर खोल, दुसरा ६०. पाण्याने भरलेली नळी, तळाशी सच्छिद्र सिरॅमिक कप, वर काटा. माती सुकली की कपातून पाणी ओढते आणि काटा चढतो. बॅटरी नाही, ॲप नाही. निम्मे गुण इथेच.

सगळे वरचा काटा बघतात. पैसे वसूल करतो तो खालचा. ठिबक चालू असताना ६० सेंटीमीटरचा काटा उतरू लागला, की पाणी मुळं ओलांडून चाललं समजायचं आणि व्हॉल्व्ह बंद करायचा. घड्याळ लावून पाणी देणं त्यामुळे सुटलं. तसंही कोरड्या प्रदेशात ठरलेल्या पाळ्यांचे दिवस गेले. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, म्हणजे पाऊस तेवढाच पडला तरी ओल आधी उडते. संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी कराराचा २०२४ चा अहवाल सांगतो, की २०२० पर्यंतच्या तीन दशकांत जगातली ७७.६ टक्के जमीन आधीच्या तीन दशकांपेक्षा कोरडी झाली. मागच्या हंगामाच्या वहीवरून या हंगामाचं पाणी ठरवणं म्हणूनच जमत नाही.

आता तक्रारी. काट्यावर १०० सेंटीबारपर्यंत (हे त्या ओढीचं एकक; आकडा मोठा तितकी माती कोरडी) आकडे छापलेत, पण ८० च्या आसपास नळीत हवा शिरते आणि काटा धप्पकन खाली येतो. अनोळखी माणसाला वाटेल, जमीन ओली झाली! लांबलेल्या उष्णतेच्या लाटेत, नेमकी गरज असताना हे होतं. मग उकळून गार केलेलं पाणी भरा, हवा काढा, पुन्हा वाट बघा. वाळूसर जमिनीत बरंचसं उपयोगी पाणी ८० च्या आतच असतं, त्यामुळे तिथे चालून जातं. भारी जमिनीत झाडाला मिळण्याजोगं पुष्कळ पाणी त्यापुढे असतं, आणि तिथे हा आंधळा.

त्याहून मोठी अडचण क्षारांची. पाऊस कमी झाला की क्षार धुऊन खाली जात नाहीत, ठिबकाच्या ओल्या वर्तुळाच्या कडेला पांढरे साठत राहतात. माती ओली, काटा २० वर, आणि झाड मात्र तहानलेलं. क्षारांमुळे मुळांना पाणी ओढणं जड जातं, हे या यंत्राला कळतच नाही. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही. ‘पाण्याची बचत’ मात्र ठळक अक्षरात. वाचलेल्या पाण्यावर नवी लागवड केली तर भूजलाला त्यातलं काय मिळणार, हेही कुठे लिहिलेलं नाही.

हलकी जमीन आणि गोडं पाणी असेल तर डोळे मिटून घ्या, पण जोडीच घ्या. भारी जमिनीला २०० सेंटीबारपर्यंत वाचणारे जिप्समयुक्त सेन्सर बरे. पाणी मचूळ असेल तर आधी क्षार मोजणारा ईसी मीटर, मग हा.