तीन गोळ्या, स्प्रिंगचं यंत्र की फुटाळ्याची फेरी?

नागपुरात धंतोलीतल्या एका मेडिकलमध्ये "श्वासाच्या व्यायामाचं यंत्र द्या" म्हटलं आणि नळ्यांत तीन रंगीत प्लास्टिकच्या गोळ्या असलेला डबा घेऊन घरी आलो. डॉक्टरांनी सांगितलेलं वेगळंच होतं. बाबांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार. दोन दिवस ते इरेला पेटून श्वास ओढत गोळ्या टक्-टक् वर नेत राहिले, तिसऱ्या दिवशी गरगरलं म्हणून पलंगावर बसले.

गोळ्यांचं यंत्र मुख्यतः ऑपरेशननंतर खोल श्वास घेतला जावा म्हणून देतात. त्यावरचे ६००, ९००, १२०० हे आकडे हवेच्या वेगाचे, सेकंदाला इतके मिलिलिटर. झटका मारला की गोळी उडते. श्वासाच्या स्नायूंना ठरावीक भार मिळतच नाही. सीओपीडीच्या माणसाने स्नायू कमवायला हे घेऊ नये, स्वस्त असलं तरी.

डॉक्टरांनी सांगितलेल्या स्प्रिंगच्या यंत्रात झडप असते. ठरवलेला दाब आल्याशिवाय ती उघडत नाही. हळू ओढा की जोरात, भार तोच. नाकाला चिमटा लावून बाबांनी पहिला श्वास ओढला आणि नळी काढून म्हणाले, "हे तं बंदच आहे बे!" बंद नव्हतं, जोर कमी पडत होता. आधी श्वास ओढण्याची कमाल ताकद मोजतात, साधारण तिच्या ३० टक्क्यांपासून सुरू करून भार चढवत नेतात. भाराचा खटका आपल्या मनाने फिरवू नका.

तिसरा पर्याय फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालणं, हातापायांचे व्यायाम. माझं मत याच्याच बाजूने. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२३च्या आढाव्यातही हेच दिसतं: हा कार्यक्रम चालू असेल तर यंत्राची भर घालून फारसं काही वाढत नाही, नुसतं यंत्र वापरणाऱ्यांना मात्र दम कमी लागणं, चालणं यांत फायदा होण्याची शक्यता आहे.

पण नवतपाच्या कडक उन्हात फुटाळा तलावावर कोण फिरणार? जिने उतरवत नाहीत, ऊन सोसत नाही, अशांना यंत्र कामाचं. आमचे बाबा थंडीत ऊन चढल्यावर तलावाकाठी, मे महिन्यात कूलरसमोर यंत्र, असं करतात. औषधाचा पंप (इनहेलर) दोन्हीकडे चालूच.

पूर्वी फुप्फुस फुटून छातीत हवा भरली असेल, किंवा सध्या खोकला-कफ वाढून तब्येत बिघडली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्र तोंडाला लावू नका.