पूर्ण बंदी की मोजून मुभा?

वजन उतरवताना आवडत्या पदार्थांचं काय करायचं? एक तर ते पूर्ण बंद, नाहीतर मोजून खायचे.

बंदीत रोज मनाशी झगडावं लागत नाही, ही तिची खरी सोय. पण एक चॉकलेट तोंडात गेलं की ‘आता मोडलंच’ म्हणत अख्खं पाकीट संपतं. मग अपराधीपणा, दुसऱ्या दिवशी कडक उपास आणि रात्री पुन्हा तेच. मी दोन वर्षं यात काढली. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांच्याही डोक्यात सतत खाण्याचेच विचार घोळत. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, भूक आहे.

मुभेत दोन तुकडे बशीत काढायचे, पाकीट आत ठेवायचं आणि बसून सावकाश खायचे. सुरुवातीला हात पुन्हा कपाटाकडे जातोच. पण चूक झाली तरी लहान राहते: एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, तेव्हा ५०० जास्त झाल्या तर हिशेब जेमतेम ६५ ग्रॅमचा. तेवढ्यासाठी दिवसभर स्वतःला बोल लावू नका.

माझा कौल मुभेला. मात्र एखाद्या पदार्थापुढे थांबताच येत नसेल, तर तो काही दिवस घरात आणू नका. आणि ताबा वारंवार सुटत असेल, तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.