आमचं घर ज्याच्या हाती विकायला दिलं, त्यानेच ते स्वस्तात घेतलं

आईचं घर आम्ही बाजारभावापेक्षा १२ टक्के कमी किमतीला विकलं. अकरा आठवड्यांनी तेच घर, आत एक खिळासुद्धा न बदलता, आमच्या किमतीपेक्षा १७ टक्के जास्त भावाने पुन्हा विकलं गेलं. मधला पैसा आमच्याच एजंटाच्या माणसाने खाल्ला. घर विकायला काढलेल्या कुणाच्या तरी डोळ्यांखालून हे वेळेत जावं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आई गेल्यावर घर विकायचं ठरलं. धाकटा भाऊ दुसऱ्या देशात, त्यामुळे धावपळ माझ्याकडे आली. मी तीन एजंटांना बोलावलं. पहिल्या दोघांनी जवळपास सारखाच आकडा सांगितला आणि सोबत आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या घरांची यादी ठेवली. तिसऱ्याने कसलीही यादी आणली नाही. तो सगळ्या खोल्यांमधून सावकाश फिरला, खिडक्या उघडून पाहिल्या, आईच्या फोटोसमोर क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ताई, या घराची खरी किंमत अजून कुणाला कळलेलीच नाही." त्याचा आकडा त्या दोघांपेक्षा २२ टक्क्यांनी चढा होता. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, मग विचार कसला करतेस?" मीही केला नाही.

तो आकडा आला कुठून, हे विचारायला हवं होतं. जाहिरातीतला भाव ही मालकाची इच्छा असते. खरा बाजार कळतो तो खरेदीखतात नोंदलेल्या भावावरून. जिथे या नोंदी पाहता येतात तिथे स्वतः जाऊन पाहा: तोच भाग, साधारण तेवढंच क्षेत्रफळ, तेवढीच जुनी इमारत, गेल्या काही महिन्यांतले व्यवहार. नाहीतर टक्केवारीवर नाही, ठरावीक फी घेऊन काम करणारा मूल्यांकनकार गाठा. त्याला तुमचं घर विकायचं नसतं, त्यामुळे तुम्हाला खूश करायची गरजही नसते. मालकाला गोड वाटेल असा फुगवलेला आकडा सांगून काम मिळवायचं आणि करारावर सही झाली की हळूहळू त्याला खाली आणायचं, ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. मला ती नंतर कळली.

करार सहा महिन्यांचा होता, आणि घर विकण्याचा अधिकार फक्त त्याला. अशा करारात मुळात वाईट काही नाही. चांगला एजंट अशा भरवशावरच जाहिरातीवर खर्च करतो. पण आमच्या करारात, मी स्वतः ग्राहक आणला तरी त्याने एजंटामार्फतच बोलायचं, असं कलम होतं. किती लोकांनी घर पाहिलं, कुणी काय भाव बोलला, हे मला लेखी कळवण्याची अट मात्र कुठेच नव्हती. मुदतीआधी बाहेर पडायची वाटही नव्हती. घर आणि घेणारे यांच्यामध्ये एकच दार उरलं आणि त्याची किल्ली मी सही करून त्याच्या हातात दिली.

मग तो म्हणाला, या भावाला घर विकायचं तर ते तसं दिसलं पाहिजे. त्याचा 'खात्रीचा माणूस' आला. स्वयंपाकघराचा धडधाकट ओटा फोडून नवा बसवला, बाथरूमच्या फरश्या बदलल्या, दिवाणखान्यात फॉल्स सीलिंग केलं. आम्हाला पुढे जी किंमत मिळाली, तिच्या जवळजवळ ४ टक्के यातच गेले. विक्रीच्या तोंडावर असा खर्च क्वचितच पूर्ण भरून निघतो, कारण घेणाऱ्याला ओटा त्याच्या पसंतीचा हवा असतो. उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा. अर्धं सामान हलवा म्हणजे खोल्या मोठ्या दिसतात. गळणारे नळ, अडकणारी दारं, तुटक्या कड्या दुरुस्त करा. काचा आतून-बाहेरून धुवा, बल्ब सगळीकडे एकाच रंगाच्या उजेडाचे लावा, भिंतींना फिकट रंगाचा एक हात मारा. आणि ओल आधी मुळापासून काढा.

ओलीचं जरा नीट सांगते, कारण ते माझ्या मनाला लागून राहिलंय. बेडरूमच्या एका भिंतीला दर वर्षी पोपडे यायचे. पलीकडे बाथरूम आहे आणि भिंतीतून जुना पाइप जातो. भिंतीत मुरलेलं पाणी सिमेंट-विटांमधले क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणतं. पाणी उडून जातं, क्षारांचे खडे तिथेच बनतात आणि आतून रंगाला ढकलतात. म्हणून पाण्याची वाट बंद केल्याशिवाय वरून कितीही लेप द्या, तो टिकत नाही. मी त्या माणसाला म्हटलं, पाइप बदलून घेऊ. तो म्हणाला, "कशाला मॅडम? पुट्टी मारतो, वर्षभर कुणाला कळायचं नाही." मी गप्प बसले. ते चुकलं. माहीत असलेला दोष घेणाऱ्याला सांगायलाच हवा, आणि बऱ्याच ठिकाणी कायदाही तेच सांगतो.

काम संपलं. गेटवर पाटी लागली, जाहिरात गेली, आणि मग सगळं शांत. पहिल्या पंधरवड्यात दोन कुटुंबं येऊन गेली, पुढे कुणीच नाही. पाटी वाऱ्याने पडली म्हणाला, ती परत लागलीच नाही. मी दर दोन दिवसांनी विचारायचे आणि त्याचा ठरलेला मेसेज यायचा: "ताई, बाजार थंड आहे. एकही फोन नाही." दोन महिन्यांनी मी पहिल्यांदा ती जाहिरात उघडून पाहिली. फोटो संध्याकाळचे, दिवे न लावता काढलेले. गॅलरीचा एकही नाही. क्षेत्रफळ कमी टाकलेलं आणि एक खोली गाळलेली. हल्ली लोक खोल्यांची संख्या निवडून शोधतात, म्हणजे ज्यांना एवढं घर हवं होतं त्यांना ते दिसतच नव्हतं. विचारल्यावर "ऑफिसातल्या मुलाची चूक" असं उत्तर मिळालं. दुरुस्ती झाली नाही.

भाव तीनदा उतरवला. प्रत्येक वेळी आधी तो एखादी हास्यास्पद ऑफर सांगायचा, मग उसासा टाकायचा. आकडा कानावर पडला की तो मनात घर करतो. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील या संशोधकांनी घरांच्या खरेदी-विक्रीत मुरलेल्या एजंटांना एक घर प्रत्यक्ष दाखवून त्याची किंमत विचारली होती. कागदावर मागणीचा भाव मात्र प्रत्येक गटाला वेगळा दिला होता. एजंटांचे अंदाज त्या भावाच्या मागे मागे गेले, तरी बहुतेकांना तो भाव आपण लक्षात घेतल्याचं मान्य नव्हतं. रोज हेच काम करणाऱ्यांची ही गत, तर आई जाऊन वर्षही न झालेल्या मुलीची काय असणार? पाचव्या महिन्यात "ताई, रोख पैसे देणारा आहे, कागदपत्रांची कटकट नाही, पण आज हो म्हणायला हवं" असा फोन आला. भाऊ थकला होता, मी त्याहून. आम्ही हो म्हटलं. घेणारा फक्त सहीच्या दिवशी दिसला आणि त्याने घराबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. स्वतः राहण्यासाठी घर घेणारा माणूस पाणी किती वाजता येतं एवढं तरी विचारतो. तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

पुढे एक दिवस अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई म्हणाल्या, "तुमच्या आईंच्या नावाचं टपाल येतंय. मी टाकून दिलं नाही, ठेवलंय." मी गेले. घेणारा तो माणूस तिथे नव्हताच, या बाई नव्या मालकीण होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आम्ही तर गेटवरची पाटी बघून पहिल्याच आठवड्यात फोन केला होता. ते म्हणाले, सौदा झालाय. मग कितीतरी महिन्यांनी त्यांचाच फोन आला, की हे घर परत निघालंय." त्यांनी फोनमधला जुना मेसेज काढून दाखवला: "हे घर गेलं, दुसरं दाखवतो." मी माझ्या फोनमध्ये तीच तारीख शोधली. त्याच दिवशी, वीस मिनिटांच्या अंतराने, मला मेसेज होता: "ताई, एकही फोन नाही."

घरी येऊन फाइल काढली. खरेदीखतावरचा घेणाऱ्याचा पत्ता वाचला आणि कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. खालीच ओट्या-फरश्यांचं बिल होतं, त्याच्या डोक्यावर छापलेला पत्ता शब्दन् शब्द तोच. इमारत तीच, मजला तोच, गाळा तोच. घर घेणारा आणि ओटा फोडणारा एकाच दारामागचे. हे दोन्ही कागद माझ्याच कपाटात, एका फाइलमध्ये, एकावर एक पडून होते.

वकिलांनी सांगितलं, की एजंट ज्याच्या वतीने काम करतो त्याच्याशी त्याने प्रामाणिक राहायचं असतं. मालकाला अंधारात ठेवून त्याने स्वतः किंवा आपल्या माणसाच्या नावाने घर घेतलं, तर तो गुपचूप नफा मालक मागू शकतो, हे तत्त्व अनेक देशांच्या कायद्यात आहे. पण संगनमत सिद्ध आम्हालाच करायचं आहे. दोन्ही मेसेज, ते बिल आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट आम्ही तक्रारीला जोडले आहेत. नव्या मालकीणबाईंनी लेखी निवेदन दिलं, हे त्यांचे उपकार. निकाल अजून यायचा आहे. तुमच्याकडचं एकही बिल, एकही मेसेज पुसू नका.

सगळेच एजंट असे नसतात, आणि मी झिडकारलेले ते दोघे बहुधा नव्हते. पण प्रामाणिक एजंटाचंही गणित समजून घ्या. समजा दलाली २ टक्के आहे. घर ५ टक्के जास्त भावाने गेलं तर त्याच्या हाती पडतो किमतीचा ०.१ टक्का, आणि तेवढ्यासाठी कदाचित महिनाभर जास्त राबायचं. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या जवळपास एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. एजंटांची स्वतःची घरं इतरांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त भावाने गेली होती आणि बाजारात सुमारे साडेनऊ दिवस जास्त थांबली होती. स्वतःचं घर असलं की त्यांना थांबणं परवडत होतं.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी सांगते, की करार दोन-तीन महिन्यांचाच करा आणि बाहेर पडायचं कलम घाला. आलेला प्रत्येक फोन आणि प्रत्येक ऑफर लेखी हवी. घेणाऱ्याशी एजंटाचा, त्याच्या नातेवाइकांचा किंवा भागीदारांचा काहीही संबंध असेल तर तो आधी लेखी सांगायचा, हेही करारात आणा. दुरुस्तीवाला तुम्ही शोधा. "एवढे तुमचे, वरचे माझे" असा सौदा करूच नका, कारण तिथे तुम्हाला अंधारात ठेवण्यातच त्याचा फायदा असतो. करारात घेणाऱ्याच्या नावापुढे "किंवा ते सुचवतील ती व्यक्ती" असे शब्द आले तर थांबा आणि कारण विचारा, कारण त्या शब्दांच्या आडून घर ताबा घेण्याआधीच पुढे विकता येतं. आणि एखाद्या ओळखीच्या माणसाला ग्राहक म्हणून फोन करायला लावा. हे मी पहिल्या महिन्यात केलं असतं, तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं.

गेल्या आठवड्यात त्या बाईंचा परत फोन आला. "ताई, बेडरूमच्या भिंतीचा रंग सुटायला लागलाय. तुम्हाला काही माहीत आहे का?" मी त्यांना सगळं सांगितलं, पुट्टीचंही. दुरुस्तीचा खर्च मी देणार हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्लंबरला घेऊन गेले आणि जुना पाइप जिथून जातो तिथे, जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीवर पेन्सिलने खूण करून दिली.