कास्तकारांचा मुका पडलेला गट पुन्हा बोलता करताना: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गट कापूस, सोयाबीन अन् संत्रा पिकवणाऱ्या गावांतला, चालवणारे सगळे बिनपगारी. व्हॉट्सअ‍ॅपच्या 1024 सदस्यांच्या मर्यादेला जवळजवळ टेकलेला, अन् तरी मुका. सकाळी सुप्रभातची फुलं, दुपारी कुठल्यातरी योजनेचा फॉरवर्ड, संध्याकाळी बियाण्याची जाहिरात. मधेच कोणी वावरातून पाठवलेला प्रश्न या सगळ्याखाली गाडला जायचा. मे ते डिसेंबर, म्हणजे बियाण्याच्या उगवण चाचणीपासून हरभऱ्याच्या पाण्यापर्यंत, हाच गट टेलिग्रामवर विषयवार खोल्या करून चालवला. त्याचा हा हिशेब.

आधी निकाल सांगून टाकतो: पद्धतीला पाचपैकी साडेतीन. अ‍ॅपला वेगळे गुण दिलेले नाहीत, कारण नुसतं अ‍ॅप बदलून गट जगत नाही. नवीन जागा म्हटली की पहिले पंधरा दिवस लोक घर पाहायला येतात तसे येतात, चहा पिऊन जातात.

मुळात गट का मरतो? माणसं कमी झाली म्हणून नाही. प्रश्नाला उत्तर मिळालं नाही म्हणून. ज्याला एकदा उत्तर मिळालं नाही तो दुसऱ्यांदा विचारत नाही, दुकानात जाऊन विचारतो. हे तपासायचं असेल तर हलण्याआधी जुन्या गटाचं चॅट एक्स्पोर्ट करा. माध्यमांशिवाय काढलं तर शेवटचे 40,000 संदेश मिळतात, फोटोंसकट काढलं तर 10,000 वरच थांबतं; म्हणून माध्यमांशिवायच काढा. त्या मजकुरात प्रश्नचिन्ह आणि ‘काय’, ‘कोणतं’, ‘सांगा’ हे शब्द शोधत जा, अन् प्रत्येक प्रश्नाखाली पुढच्या 24 तासांत उत्तर आलं का ते पाहा. दोन संध्याकाळांचं काम आहे, पण दुखणं नेमकं कुठे आहे ते कळतं. त्या फाइलमध्ये सदस्यांचे नंबर असतात, ते काढल्याशिवाय ती कोणाला देऊ नका. याच मजकुरातून जुनी चांगली उत्तरं वेचून नव्या जागी आधीच मांडून ठेवली. रिकाम्या चावडीवर कोणी बसायला येत नाही.

टेलिग्राम निवडण्याची कारणं तीनच. एक, गटात ‘विषय’ चालू करता येतात, म्हणजे एकाच गटात वेगवेगळ्या खोल्या. दोन, नव्यानं आलेल्या माणसाला जुनी चर्चा वाचता येते आणि शोधता येते. तीन, स्वतःचा फोन नंबर लपवता येतो. सदस्यमर्यादा दोन लाखांची आहे म्हणतात ते खरं, पण आपल्याला तिचा उपयोग शून्य.

पहिली चूक खोल्यांच्या संख्येत झाली. कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा, गहू, संत्रा, मोसंबी, भाजीपाला, दूध, शेळ्या, अवजारं, योजना, बाजारभाव, गप्पा अशा चौदा खोल्या उघडल्या. तीन खोल्यांत आवाज अन् अकरा खोल्यांत जाळी. माणूस शेळ्यांच्या खोलीत डोकावतो, महिन्यापूर्वीचा संदेश पाहतो, अन् अख्खा गटच थंड आहे असं समजून निघून जातो. सहाव्या आठवड्यात पाचवर आणल्या: पऱ्हाटी (म्हणजे कापूस)-तूर, सोयाबीन-हरभरा, संत्रा-मोसंबी, बाजारभाव आणि चावडी. बाकीच्या पुसल्या नाहीत, फक्त बंद केल्या. बंद खोलीत अ‍ॅडमिनशिवाय कोणी लिहू शकत नाही, पण वाचता येतं. मुळातली ‘जनरल’ खोली पुसता येत नाही, लपवता येते. तिचंच नाव बदलून चावडी केलं. चावडी लागतेच. पोळ्याच्या सजवलेल्या बैलजोडीचा फोटो टाकायला जागा ठेवली नाही, तर तो फोटो पऱ्हाटीच्या खोलीत येतो अन् मग भांडण होतं.

नवीन खोली कधी उघडायची, याचा एकच नियम टिकला: एका विषयावर चावडीत सलग तीन आठवडे दर आठवड्याला किमान पाच वेगळे प्रश्न आले, तरच.

आता प्रश्नाकडे. ऑगस्टमध्ये येणारा नमुनेदार संदेश असा असतो: “भाऊ, पऱ्हाटी लाल पडून रायली, कोनतं औषध मारू?” सोबत एक फोटो, दुपारच्या उन्हात काढलेला, त्यात अर्धा अंगठा. याला प्रामाणिक उत्तर देताच येत नाही. पानं लाल होण्यामागे वावरात साचलेलं पाणी असू शकतं, मॅग्नेशियमची किंवा नत्राची कमतरता असू शकते, तुडतुड्यांचा रस शोषणं असू शकतं, पुढच्या दिवसांत रात्रीचा गारठाही असू शकतो. उत्तर देणारा अंदाजानं औषध सांगतो, दुसरा दुसरं सांगतो, तिसरा दोन्ही एकत्र मारायला सांगतो. म्हणून प्रत्येक पिकाच्या खोलीत वर पिन करून सहा ओळींचा साचा ठेवला: गाव व तालुका, पीक, वाण व पेरणीची तारीख, जमीन भारी की हलकी, पाणी साचतं का, दिलेलं खत, शेवटची फवारणी कोणती व कधीची, लक्षण आधी कुठे दिसलं, शेंड्याला की खालच्या पानाला. फोटो तीन: पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू. खालची बाजू का, तर तुडतुडे अन् पांढरी माशी तिथेच बसलेली असते. फोटो सकाळी किंवा स्वतःच्या सावलीत काढायचा.

साचा लोक भरतात का? सुरुवातीला नाही. अन् “आधी साचा भरा” असं कोरडं उत्तर दिलं की तो माणूस गेलाच समजा. जमलं ते असं: त्या दिवशी ज्याची पाळी आहे त्यानं स्वतःच दोन प्रश्न विचारायचे, “दादा, पेरा कधीचा? पाणी साचतं का?” अन् मिळालेली माहिती साच्यात बसवून खाली लिहायची. तिसऱ्या खेपेपर्यंत तोच माणूस साच्यातून विचारू लागतो.

फवारणीच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. म्हणून नियम कडक ठेवले: व्यापारी नाव नाही, घटकाचं नाव आणि त्याची टक्केवारी, प्रमाण 10 लिटर पाण्याला किती, डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा (लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा), लेबलवर त्या पिकाचं नाव आहे का. दोन कीटकनाशकं एकत्र करण्याचा सल्ला दिसला की संदेश काढायचा, काढल्याचं कारण एका ओळीत लिहायचं. अन् विषबाधेचा संदेश आला तर चर्चाच नाही: 108 ला फोन आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना. ताक, लिंबू, मीठ-पाणी सुचवणारे संदेश तिथल्या तिथे काढावेत. कृषी सेवा केंद्रवाल्यांना गटाबाहेर ठेवू नका. त्यांच्याइतकी झाडं रोज कोणी पाहत नाही. फक्त नावापुढे ‘विक्रेता’ लिहायला सांगा.

गटाला खरा जीव कशानं आला असेल तर तो प्रश्नोत्तरांनी नाही, मोजणीनं. पेरणीनंतर 45 दिवसांनी गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे, लागतात, हेक्टरी 5. सलग तीन दिवस दररोज सापळ्यामागे 8 पतंग सापडले की नुकसानीची पातळी ओलांडली असं धरतात. हे आकडे सगळ्यांनी ऐकलेले असतात, पण रोज सकाळी सापळ्यात डोकावतो कोण? म्हणून पऱ्हाटीच्या खोलीत एक कायम धागा केला, ‘आज किती पतंग’. लिहायचं फक्त गाव आणि आकडा: “तळेगाव 3”. एवढंच. टंकायला न येणारा माणूसही एवढं लिहितो. शेजारच्या गावाचा आकडा 3 वरून 7 वर गेलेला दिसला की न विचारताही माणूस आपल्या सापळ्याकडे जातो, 20 हिरवी बोंडं फोडून पाहतो अन् फोटो टाकतो. मे महिन्यात हेच सोयाबीनच्या उगवण चाचणीचं केलं: ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळायचे, उगवलेले मोजायचे, 70 च्या खाली आले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं. जो कधीच बोलत नाही त्याच्याकडूनही आकडा मिळतो. मत मागितलं की लोक बुजतात.

बाजारभावाच्या खोलीतही हीच शिस्त: बाजार समिती, तारीख, पीक, भाव, ओलावा. सोयाबीनचा ओलावा 12 टक्क्यांच्या वर की खाली हे न लिहिता टाकलेला भाव म्हणजे अफवा.

पाळ्यांचं सांगतो. सात माणसं, प्रत्येकाला आठवड्याचा एक वार, वेळ रात्री 8 ते 9.30. त्या दीड तासात काम तीनच: उत्तर न मिळालेले प्रश्न शोधणं, उत्तर येत नसेल तर जाणकाराला नावानं हाक मारणं, आणि सुटलेल्या प्रश्नाचा चार ओळींचा गोषवारा लिहिणं. गोषवाऱ्यात शब्दांची सगळी रूपं घालायची: बोंडअळी, बोंड अळी, गुलाबी अळी. शोध नेमक्या अक्षरांवर चालतो, अन् प्रत्येकाचं लिहिणं वेगळं. आवाजी संदेश बंद करू नयेत, अर्धा गट त्यावरच बोलतो. पण आवाज शोधता येत नाही, म्हणून त्याचा गोषवारा तर हवाच. रात्री वीज असलेल्या आठवड्यात पहाटे दोनला बगीच्यातून उत्तरं येतात, त्याला पाळी लावावी लागत नाही.

सातांपैकी दोन माणसं सोंगणीत गळणार हे धरून चाला. पाचच जणांवर बेतलेली पाळी ऑक्टोबरात तुटलीच, म्हणून सात. सोयाबीन काढणी आणि पहिली वेचणी एकाच वेळी येते, तेव्हा गट आठवडाभर शांत राहतो. ती मरगळ नव्हे, हंगाम आहे. त्या दिवसांत घाबरून रोज नवीन सूचना टाकत बसलात तर जे आहेत तेही गट म्यूट करतात.

जुना व्हॉट्सअ‍ॅप गट बंद करू नका. तिथे फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग ठेवून दर रविवारी एकच संदेश: आठवड्यात सुटलेले तीन प्रश्न, त्यांची उत्तरं आणि नव्या गटाची लिंक. हा संदेश दर वेळी नव्यानं लिहिलेला असावा. फॉरवर्ड एका वेळी पाचच ठिकाणी जातो, अन् फार फिरलेल्या संदेशावर दुहेरी बाण लागला की तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. शिवाय दुहेरी बाण पाहिला की वाचणारा तसाच पुढे सरकतो. लिंक ‘मंजुरीनंतर प्रवेश’ अशी करावी, नाहीतर कर्ज अन् सट्ट्याच्या जाहिराती आपोआप टाकणारे बॉट दोन दिवसांत घुसतात.

निवडणुकीच्या दिवसांत चावडीला वेग-मर्यादा लावली. ‘स्लो मोड’मध्ये एका माणसाला ठरावीक वेळानं एकच संदेश टाकता येतो, काही सेकंदांपासून एका तासापर्यंत. पाच मिनिटं पुरेशी होतात. रागात लिहिणाऱ्याला पाच मिनिटं फार मोठी असतात. अडचण ही, की ती मर्यादा सगळ्या गटाला लागते, त्यामुळे फवारणीचा प्रश्न विचारणाराही अडकतो. रात्री 10 नंतर काढून टाकायची.

अ‍ॅडमिन व्हायला लोक घाबरतात, “कोणी काही टाकलं तर केस माझ्यावर” म्हणून. गोंदिया जिल्ह्यातल्या एका गटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे, की समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशाची जबाबदारी नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याच्यावर येत नाही. ही ओळ अ‍ॅडमिनांच्या गटात पिन करून ठेवा. तरी आक्षेपार्ह संदेश दिसला की काढायचाच. काढलेल्याची नोंद टेलिग्रामच्या ‘अलीकडच्या कृती’ या यादीत 48 तासच राहते, तेव्हा वाद होणार असं वाटलं तर स्क्रीनशॉट लगेच.

मालकीचं आधीच पाहा. गट उभारणाऱ्याचा नंबर रिचार्जअभावी गेला की गट पोरका होतो. मालकी दुसऱ्याला देता येते, पण त्याआधी द्विस्तरीय पडताळणी चालू होऊन सात दिवस झालेले असावे लागतात. घाईच्या वेळी हे सात दिवस मिळत नाहीत.

मोजायचं काय? सदस्यसंख्या नाही. रविवारी वहीत तीनच आकडे: प्रश्न किती, 24 तासांत उत्तर मिळालेले किती, पहिल्यांदाच बोललेले किती. गप्प सदस्यांना ‘साफसफाई’ म्हणून काढण्याची लहर येते, ती आवरा. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2006 मध्ये मांडलेला 90-9-1 चा ठोकताळा इथेही बऱ्यापैकी लागू पडतो: नव्वद वाचणारे, नऊ अधूनमधून बोलणारे, एक सतत लिहिणारा. दर महिन्याला ‘वाचतोय’ असा पर्याय असलेली मतचाचणी टाका, गप्प माणसं तिथे दिसतात.

दीड गुण कापला तो बायांच्या सहभागावर. निंदण त्या करतात, वेचणी त्या करतात, बोंडातली अळी आधी त्यांना दिसते, अन् गटात नाव घरच्या पुरुषाचं. फोन नंबर कोणालाच न दिसण्याची सेटिंग प्रवेशाच्या वेळीच करून दिली, तेव्हा थोड्या जणी आल्या. जास्त उपयोग झाला तो घरच्या एकाच फोनवरून आलेल्या संदेशाखाली विचारणाऱ्याचं नाव लिहायच्या सवयीचा. “तळेगाव 7, वेचताना अळ्या दिसल्या” अशा संदेशाखाली आता कधीकधी ‘आई’ असं लिहिलेलं असतं, अन् पाळीवरचा माणूस उत्तर “काकू, किती बोंडं फोडली?” इथून सुरू करतो.