वॉकिंग फूट: आठ महिने वापरून, एक अख्खी गोधडी शिवून झाल्यावर

वॉकिंग फूट म्हणजे जाड थर शिवताना शिलाई मशीनला लावायचा वेगळा फूट, सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग. नोव्हेंबरमध्ये ह्या फुटाला मी दोन स्टार दिले होते. ते मागे घेतेय. गोधडी मागच्या आठवड्यात पूर्ण झाली, धुऊन वाळून पलंगावर आहे, आणि तेव्हा जे रागात लिहिलं त्यातलं बरंच चुकीचं होतं.

लो शँक (फूट बसवायचा दांडा बुटका असलेल्या मशीनचा) फूट आहे, ऑनलाइन ६५० ला मिळाला. मशीन माझं साधं घरगुती, वरून बॉबिन टाकायचं. ह्याआधी मी उशांचे अभ्रे आणि दोन पिशव्या एवढंच शिवलं होतं, आणि पहिलीच गोधडी घेतली ती डबल बेडची, ७२ बाय ८४ इंच, लॉग कॅबिन. १२ इंचाचे ४२ ब्लॉक, एका ब्लॉकमध्ये मधला लाल चौकोन आणि भोवती २० पट्ट्या, म्हणजे एकूण ८८२ तुकडे. कापड थोडं मंगलदास मार्केटमधलं, थोडे नवऱ्याचे जुने सुती शर्ट. पट्टी शिवून झाल्यावर एकच इंच उरते, त्यामुळे पाव इंचाची शिलाई जरा जरी इकडेतिकडे झाली तरी चालत नाही. प्रत्येक शिलाई एक मिलीमीटर जास्त आत गेली तर दोन्ही तुकड्यांचा एकेक मिलीमीटर जातो, आणि आडव्या दहा शिलायांत ब्लॉक दोन सेंटीमीटर आखडतो. माझे पहिले सहा आखडले, सगळे उसवले. पण हे साध्या फुटाचं काम, वॉकिंग फूट लागतो तो थर जोडताना.

मुंबईत पॉलिस्टरचं वॅडिंग (आत भरायचा फुगीर थर) घातलं तर मे महिन्यात ती गोधडी कोणी अंगाला लावणार नाही. म्हणून आत सासूबाईंच्या दोन विरलेल्या सुती साड्या घातल्या. एक साडी मधोमध कापून दोन तुकडे लांबीत जोडले की बरोबर एक थर होतो. खाली सुती चादर. आईंनी (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो, त्या साताऱ्याकडच्या) आयुष्यभर हाताने धावदोरा घालून वाकळी शिवल्यात, त्यांनीच सांगितलं की साडी आत घातली की वाकळ थंड राहते. पण विरलेली साडी सरकते फार. साध्या फुटाने पहिली ओळ मारली आणि उलटून बघितलं तर मागे नुसत्या चुण्या, कारण मशीनचे खालचे दाते खालचं कापड पुढे नेतात आणि वरचं फुटाखाली अडून राहतं. वॉकिंग फूटला स्वतःचे वेगळे दाते असतात, ते वरचं कापडही त्याच चालीने पुढे नेतात. फूट बदलून तीच ओळ परत मारली, मागची बाजू सपाट. त्या रात्री मला झोप नाही लागली इतका आनंद झाला होता.

मग नोव्हेंबर. नववी ओळ चालू होती, कट्ट असा आवाज आला, सुई मोडून तिचं टोक खाली गेलं आणि नंतर दर चार इंचाला दोरा तुटायला लागला. मशीनच्या कंपनीचा माणूस बोलावला, ४५० व्हिजिटचे, आणि त्याने पाच मिनिटांत सांगितलं टायमिंग (सुई आणि खाली दोरा पकडणारा हूक यांची जुळणी) गेलंय, हूक बदलावा लागेल, ३,२०० होतील, आणि वॉरंटीत बसत नाही कारण मॅडम तुम्ही जाड शिवलंत. मशीनच्या खोक्यावर जीन्स शिवतानाचा फोटो छापलाय! सुती कापडाचे चार थर जीन्सच्या दुमडलेल्या शिवणीपेक्षा जाड कसे? तीन आठवडे फोन, मेल, तेच उत्तर. मी ४५० वर एक पैसा दिला नाही, आणि सगळा राग फुटावर काढून दोन स्टार देऊन टाकले.

पुढे ओळखीतून लालबागला जुनी मशीन दुरुस्त करणारे एक काका सापडले. टॅक्सीत मांडीवर मशीन घेऊन गेले. त्यांनी बॉबिन केस काढून कडेवरून नुसतं नख फिरवलं, एका जागी अडलं. सुईच्या टोकाने तिथे ओरखडा पाडला होता, दोरा त्यात अडकून तुटत होता. बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलं, दात्यांखालचा भुगा काढला, २०० रुपये. टायमिंगला काही झालेलं नव्हतं.

आणि सुई का मोडली तेही त्यांनीच दाखवलं. फुटाच्या उजव्या बाजूला जी दांडी असते ती सुई आवळून धरणाऱ्या स्क्रूवर बसते. सुई वर गेली की स्क्रू त्या दांडीला उचलतो आणि त्याच्यावरच वरचे दाते चालतात. म्हणजे प्रत्येक टाक्याला त्या स्क्रूला एक टपली. ३ मिलीमीटरचा टाका धरला तर ८४ इंचांच्या एका ओळीत सातशेच्या वर टाके होतात, तेवढ्या टपल्या! स्क्रू हळूहळू सैल होतो, सुई खाली घसरते आणि आपटते. मी स्क्रू बोटांनीच आवळत होते. फुटासोबत आलेल्या कागदावर बसवायची चार चित्रं आहेत, पण हा स्क्रू स्क्रूड्रायव्हरने आवळा हे एक वाक्य कुठेच नाही. एवढ्या एका वाक्यासाठी माझे साडेसहाशे रुपये आणि दीड महिना गेला, त्याचा राग अजून आहे.

आता दर बॉबिनला स्क्रू तपासते. तरी जानेवारीत एकदा राहून गेलं. आई शेजारी बसून दोरे कापत होत्या, मध्येच म्हणाल्या, "थांब गं, आवाज बदलला मशीनचा." थांबून बघितलं तर स्क्रू अर्धा आटा सुटलेला. मला काही ऐकू आलं नव्हतं. तेव्हापासून शिवताना मी मोबाईलवर गाणी लावत नाही.

घेण्याआधी तुमचं मशीन लो शँक आहे का बघा. फूट खाली ठेवून पट्टीने मोजा, मशीनच्या पाट्यापासून फुटाच्या स्क्रूपर्यंत पाऊण इंचाच्या आसपास हवं. ह्याने रिव्हर्स मारू नका, ओळीच्या शेवटी दोऱ्याला गाठ मारून टोक आत ओढून घ्या. गोल नक्षी ह्याने होत नाही. सावकाश चालवा. मधली ओळ आधी मारा मग कडेकडे जा, नाहीतर मधे फुगा येतो. आणि टाचताना आळस करू नका, मुठीएवढ्या अंतरावर एक सेफ्टी पिन, मला साडेतीनशेच्या वर लागल्या, पलंग उभा करून हॉलच्या फरशीवर दोन रविवार गेले.

एकूण ३५ ओळी मारल्या. मागून एकही चुणी नाही. पहिल्या धुण्यात लाल चौकोनांचा रंग सुटेल ही धास्ती होती, पण ते कापड आधीच तीनदा धुतलं होतं, काही झालं नाही. आईंनी पूर्ण गोधडी उलटी करून मागची बाजू आधी बघितली, हात फिरवला आणि कोपऱ्यात त्यांच्या साडीचा काठ कुठे येतो ते विचारलं. बाहेरून दिसत नाही, पण हाताला लागतो, उजव्या खालच्या कोपऱ्यात.

पाचपैकी चार स्टार. एक त्या कागदाचा कापला. स्क्रूड्रायव्हर मशीनच्या हँडलला दोरीने बांधून ठेवलाय.